जयंतीला पिकणारी वेल

बाई, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर न देता बादली उचलून रोपांना पाणी घालायला गेले होते. रोपांना पाणी आधीच घातलेलं होतं, हे तुम्हालाही दिसत होतं. ते उत्तर आज देते. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, हजेरीच्या वहीत माझा अंगठा तुम्हीच टेकवायचात आणि म्हणायचात, "मावशी, हळू, कागद फाटेल." आता नात लिहिते आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. म्हटलं, लिही तुझ्या मनासारखं, बाईंना दोन्हीची सवय होती.

तासगावकडच्या माळावरचं ते द्राक्षाचं केंद्र आणि त्याच्या मागं तुमचं काचघर. काचांना बाहेरून चुना फासलेला, त्यामुळं आत ऊन यायचं ते पातळ ताकासारखं. बाहेर माळ तापलेला आणि आत ओल्या मातीचा वास, पाण्याचा टिपका पडल्याचाही आवाज. मी रोजंदारीवर नवी होते. कुंड्यांतून चाकवतासारखी रोपं ओळीनं लावलेली दिसली. मला वाटलं, शिकलेली बाई आहे, हिला एवढी भाजी कशाला. चार जुड्या खुडल्या आणि घरी ताकातली भाजी केली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या. "मावशी, माझी रोपं कुणी खाल्ली?" म्हटलं, "गुरं तर आत येत न्हाईत." "मग?" "आमी खाल्ली." मग तुम्ही जे बोलायला लागलात ते दुपारपर्यंत. त्या पानांवर आजारी वेलीचा रस चोळला होता, आठवड्यात ठिपके उमटणार होते, ठिपक्यांवरून वेलीतला विषाणू ओळखायचा होता, आणि तुमची पंधरा दिवसांची मेहनत माझ्या कढईत गेली होती. मी पोटावर हात ठेवून विचारलं, "मग आता आमाला व्हईल का ते?" तुम्ही म्हणालात, माणसाला वेलीचा आजार होत नाही. "मग आमचं मालक सकाळधरनं आडवं का पडल्यात?" तेव्हा कुठं तुम्ही हसलात. मालकांना आडवं पडायला चाकवत लागत नव्हता, पण ते मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून तुम्ही मला शिकवायला घेतलंत. पान गार खलात वाटायचं, चाकवताच्या कोवळ्या पानावर बारीक भुकटी भुरभुरायची, आणि तान्ह्याला तीट लावावी तसा एका बोटानं रस फिरवायचा. मग थांबायचं. तुमचं अर्धं काम थांबण्याचंच होतं. ज्या आजाराचे ठिपके उमटत नाहीत त्याच्यासाठी तुमच्याकडं पांढरी ताटली होती, खळग्याखळग्यांची; मुंग्यांच्या घरात आप्पेपात्र असेल तर तेवढंच असणार. एकेका खळग्यात एकेका पानाचा रस, वर तुमची औषधं. आजार असला की पाणी सांगलीच्या हळदीसारखं पिवळं, नसला की पाणी ते पाणीच. आजही दुपारी डोळा लागला की मी तिथंच असते. ताटली टेबलावर आहे, आपण दोघी वाकून बघतोय, आणि पाण्याला अजून रंग आलेला नाही.

आता माझ्या वेलीचं. माझा बा फलटणकडं एका बागायतदाराच्या मळ्यात छाटणीला जायचा. छाटलेल्या काड्या जाळायच्या असत. त्यातली एक त्यानं गोणपाटात गुंडाळून आणली आणि आमच्या वस्तीत दारापुढं लावली. द्राक्ष मळ्यात असतं, आमच्या दारात नसतं, असं लोक म्हणायचे. बा म्हणायचा, काडीला कुठं ठावं हाय दार कुणाचं ते. काळी द्राक्षं आली. सगळ्यांची फाल्गुनात संपायची, बाची मात्र चौदा एप्रिलला, बरोबर जयंतीला पिकायची. पहिला घड तसबिरीपुढं, मग वस्तीत पोरांना दोन-दोन मणी. माझ्या लग्नात बानं भांडी दिली नाहीत, त्या वेलीची काडी दिली. सांगलीच्या मातीतही ती जयंतीलाच पिकायला लागली. पुढं बा गेला, रस्ता रुंद झाला, त्याची वेल गेली. राहिली ती माझ्या दारातली.

तुम्ही जयंतीला घरी आलात तो दिवस मला रंगीत दिसतो. दाराला निळी पताका, चुलीवर खीर, तुम्ही वेलीच्या मांडवाखाली चटईवर बसलेल्या. मी मोठ्या तोऱ्यात घड पुढं केला. "खावा बाई. ही वेल थांबतीया बघा जयंतीसाठी." तुम्ही एक मणी खाल्लात, आणि मग हात वर करून पान खाली ओढलंत. पानाच्या कडा खाली वळलेल्या, मधला भाग लाल, शिरा तेवढ्या हिरव्या. दर साली मी म्हणायची, बाची वेल नटली. तुम्ही हळूच म्हणालात, "मावशी, ही थांबत नाहीये. हिला पिकायला जमत नाहीये." आणि म्हणालात, विषाणू असला की फळ असं उशिरा पिकतं, पिठ्या ढेकूण नावाची कीड तो इथून शेजारच्या बागांत नेईल, खात्री पटली तर वेल काढावी लागेल, उद्या हिचं पान घेऊन या.

रात्रभर विचार केला असं खोटं सांगत नाही, मी गाढ झोपले. सकाळी कामावर जाताना दारातल्या वेलीचं पान तोडलंच नाही. केंद्रात गेल्यावर तोडलं, त्याच जातीच्या तपासलेल्या, निरोगी वेलीचं, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तुमच्या हातात दिलं. खळग्यात पाणी ते पाणीच राहिलं. मला वाटलं, संपलं. पण तुम्ही खुर्चीतून उठलात आणि तुमचे डोळे चमकले. "लक्षणं सगळी आहेत आणि चाचणी नाही म्हणते. मावशी, हा नवाच विषाणू असेल. अजून कुणी ओळखलेला नसेल." आणखी पानं मागितलीत, मी आणखी आणली, त्याच वेलींची. कलमासाठी वेलीचा डोळा मागितलात, तोही तिथलाच दिला. तो तुम्ही एका खुणेच्या वेलीवर भरलात. रोग असला की तिचं पान लाल होतं म्हणालात. आणि मग तुम्ही थांबायला लागलात.

रोज सकाळी तुम्ही त्या वेलीचं पान उचलून बघायचात आणि परत सोडायचात. पावसाळा गेला, थंडी आली, पान हिरवंगार. पुण्याच्या साहेबांना तुम्ही नव्या विषाणूचं कळवलंही होतं म्हणे. मधूनच तुम्ही मिरजेला जाऊ लागलात, डोक्याला रुमाल बांधून येऊ लागलात, आणि उभं राहवेना म्हणून उलट्या बादलीवर बसून त्या पानाकडं बघू लागलात. मी शेजारी झारी धरून उभी. तुमच्याकडं दिवस थोडे होते आणि ते मी एका निरोगी पानापुढं बसवून ठेवले होते. माझी वेल तेव्हा दारात लालभडक, ऐटीत.

एका सकाळी मी खरं पान आणलं. "बाई, आज येवढं बघा." संध्याकाळी खळगा पिवळा झाला, असा पिवळा की हात लावला तर बोटाला लागेल. तुम्ही कितीतरी वेळ बघत राहिलात. मग ताटलीकडं नाही, माझ्याकडं बघून विचारलंत, "हे पान कुठलं?" म्हटलं, "दारातल्या वेलीचं." "आणि आधीची?" मी बादली उचलली.

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. रागावलाही नाहीत, चाकवतासाठी दुपारपर्यंत बोलल्या होतात आणि ह्याला एक शब्द नाही. त्या आठवड्यात मी बाची वेल माझ्या हातानं तोडली, मुळं खणली, जाळली. तुम्ही पिशवीतलं रोप दिलंत, तपासलेलं, आणि म्हणालात, "ही लवकर पिकेल, सवय करा." पुढच्या थंडीत तुम्ही नव्हतात.

तर उत्तर असं. आधीची पानं केंद्रातल्या विहिरीजवळच्या तिसऱ्या ओळीतली होती, बाई. डोळाही तिथलाच. नवा विषाणू वगैरे काही नव्हता, मी होते.

नात विचारते, पत्ता काय घालू. म्हटलं, घडी घालून ठेव. तुमची वेल सगळ्यांबरोबर फाल्गुनात पिकते, जयंतीला तसबिरीपुढं मी कलिंगड ठेवते. आणि पहिल्या बहरालाच दाराआड उभं राहून चार मणी खाल्ले तेव्हा कळलं होतं, तुमची द्राक्षं बाच्यापेक्षा गोड आहेत. घरात मी अजून उलटंच सांगते. नातीला म्हटलंय, हे एवढं लिही आणि विसरून जा.