चौथं विमान आल्याशिवाय

बाबा,

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात प्रश्नमंजूषा होती. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माइक हातात घेऊन प्रश्न विचारत होते आणि आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पोह्यांच्या बशा सांभाळत उत्तरं देत होतो. त्यांनी विचारलं, एकेकाळी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रोज रात्री टपालाची विमानं निघायची, मध्ये एका गावी एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतायची. तर ते गाव कोणतं? कोणी हैदराबाद म्हणालं, कोणी भोपाळ. मागून एक जण म्हणाला, "नागपूर नका सांगू म्हणजे झालं. इथं बर्डीची बस टायमावर भेटत नाही." सगळे हसले, आणि उत्तर नागपूरच आहे असं कळल्यावर आणखी हसले. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हाले माहीत होतं का जी?" मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर पुढचं सगळं आलं असतं, आणि ते सांगण्यासारखं माणूस तुमच्याखेरीज कोणी उरलेलं नाही.

लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचेच वडील दिवसा झोपतात. तुम्ही सकाळी सोनेगावच्या विमानतळावरून सायकलनं घरी यायचा, कपड्यांना पेट्रोलचा आणि टपालाच्या थैल्यांचा वास असायचा, आणि गरम पाण्यानं पाय धुऊन तुम्ही आतल्या खोलीत जायचा. मग आपल्या घरात रात्र व्हायची. खिडकीवर काळी घोंगडी, उन्हाळ्यात तिच्यावर वाळ्याचा ओला पडदा. आई वाटण-कुटण तुम्ही यायच्या आधी उरकून ठेवायची. काटोलकडून येणारी संत्रेवाली आपल्या फाटकापाशी आली की ओरडणं बंद करायची आणि टोपली खाली ठेवून नुसती खोकायची. शेजारच्या काकू एकदा आईला म्हणाल्या, "तुमच्या घरी कोणी रोजच बिमार राहते का वं?" आई म्हणाली, "बिमार कायले, ड्युटी हाय त्यायची. देश झोपते तेव्हा हे जागतेत." हे तिनं कौतुकानं म्हटलं की वैतागानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळ ही तुमची सकाळ. चहा घेऊन तुम्ही अंगणात आरसा टांगून दाढी करायला बसायचा आणि दादाला आणि मला विमानांचे प्रश्न घालायचा. "डाकोटा जमिनीवर उभा असला तं बसणाऱ्याचं तोंड कुठी असते?" दादा म्हणायचा, आभाळाकडे, कारण त्याचं तिसरं चाक शेपटीखाली. "मंग स्कायमास्टर?" सरळ, चाक नाकाखाली, इंजिनं चार. "आन् व्हायकाउंटले पंखे असून जेटचं इंजिन काहून म्हणतेत?" हे आम्हाला कधी यायचं नाही आणि ते येत नाही याचा तुम्हाला आनंद व्हायचा. गालावरचा साबण वाळेपर्यंत तुम्ही समजावत बसायचा की पंखा तोच, पण त्याला फिरवणारी आग वेगळी. मी शाळेत निबंध लिहिला होता, माझे वडील रात्री चार विमानांना भेटतात. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनं मला उभं केलं. मला वाटलं, खोटं लिहिलं म्हणून आता छडी. पण ती म्हणाली की ती स्वतः मद्रासहून त्याच विमानानं आली होती, जन्मात इतकी मळमळ झाली नव्हती, आणि नागपूरला उतरल्यावर एका माणसानं तिला न बोलता लिंबू कापून दिलं होतं. घरी येऊन मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "असंन. लिंबू तं मी सगळ्याइलेच देतो."

त्या कामाचा नियम तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितला होता की तो मला देवाधर्मासारखा वाटायचा. प्रत्येक विमानाला उरलेल्या तिघांच्या थैल्या घेऊन जायचं असे, उतारूही एकातून दुसऱ्यात बदलायचे. म्हणून चौथं आल्याशिवाय पहिलं निघत नसे. थंडीत दिल्लीकडे धुकं पडलं की तिघंही मैदानावर उभी, पायलट चहा पिताहेत, उतारू खुर्च्यांवर मान टाकून झोपलेत. कोणी मोठा माणूस तुमच्यावर ओरडला की माझी सकाळी मुंबईला मीटिंग आहे, तर तुम्ही त्याला ऑम्लेट खायला पाठवायचा. हाच नियम तुम्ही घरात आणला. आपण चौघं. ड्युटीवर निघण्याआधीच्या त्या जेवणाला चौघं पाटावर बसल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. दादा खेळून उशिरा यायचा आणि भाकरी गार व्हायची. एकदा भुकेनं मी कोपरा मोडला तर तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "एकटीच टेकऑफ घेऊन राहिली का वं?" आवाज चढलेला नव्हता. पण मी तो तुकडा परत ताटात ठेवला. त्या दिवशी दादा आलाच नाही वेळेवर, आणि तुम्ही उपाशी सायकल काढलीत.

दादा इंजिनियर झाला आणि शिकायला कॅनडाला निघाला. तुम्हीच त्याला दिल्लीच्या विमानात बसवलंत, नेहमीच्या ड्युटीत, नेहमीच्या शर्टात. सकाळी घरी येऊन आईला म्हणालात, "खिडकीची सीट देल्ली त्याले," आणि झोपायला गेलात. पहिली दोन वर्षं तो पुढच्या दिवाळीला येतो म्हणायचा. नंतर दिवाळीचं नाव गळलं, नुसतं येतो राहिलं.

त्याच सुमारास वर्ध्याचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवायचा. दुपारी बघायला आले आणि तुम्ही आत झोपलेले, म्हणून सगळा कार्यक्रम कुजबुजत झाला. त्याच्या आईनं मला स्वयंपाक येतो का हे इतक्या हळू विचारलं की मला हसू आलं, आणि त्यालाही आलं. तेवढंच आमचं बोलणं. मला तो आवडला होता, बाबा. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण आपल्याकडे मुली असं सांगत नसत, पण आईला कळलं होतं, आणि आईला कळलेलं तुम्हाला कळत असे. त्यांचा होकार आला. तुम्ही म्हणालात, आमचा मुलगा येऊ द्या कॅनडाहून, मग तारीख धरू. लग्नात नवरदेवाचा कान दुसरं कोण पिळणार, नवरीचा सख्खा भाऊ असताना?

"चुलतभाऊ पिळते न जी कान," आई म्हणाली. "काटोलचे दोघं हायेत. कानच पिळायचा हाय, इंजिन नाही खोलायचं."

"तीन आले म्हणून सोडत नसतेत."

"अन् नाहीच आला तं?"

"काहून नाही येणार? धुकं असंन तिकडं. उठलं का येईन."

वर्ध्याची माणसं सज्जन होती. एक उन्हाळा थांबली, मग दुसरा. तिसऱ्या उन्हाळ्यात मुलाचे काका आले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की आमच्याकडेही मागची मुलगी लग्नाची आहे. तुम्ही त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलात. मी आत ताक घुसळत होते आणि ते घुसळत राहिले, लोणी येऊन गेल्यावरही.

त्यानंतर कधीतरी, हिवाळा असावा, कारण मी तुमच्या बहिणीनं विणलेला स्वेटर घातला होता, तुम्ही दुपारी तुमच्या वेळेच्या आधी उठलात. "चाल वं, तुले काही दाखवतो." आयुष्यभर सायकल हाकणाऱ्या तुम्ही माझ्यासाठी रिक्षा केलीत. सोनेगावच्या मैदानाच्या टोकाला एक डाकोटा उभा आहे. त्याची इंजिनं काढून नेलेली आहेत, पंखांच्या पुढं दोन भोकं, टायर बसलेले. पहारेकरी तुम्हाला सलाम करतो, म्हणतो, "पोरगी हाय का साहेब? मोठी झाली." आत चढ आहे, तुम्ही सांगायचा तसाच, शेपटीकडून नाकाकडे चढत जावं लागतं. बऱ्याच सीटा उपटलेल्या. तुम्ही धड असलेली एक शोधता, रुमालानं झाडता, मला बसवता, आणि पट्टा बांधून तो एकदा ओढून पाहता, उतारूचा पाहायचा तसा. मग उभे राहून ड्युटीच्या आवाजात विचारता, "कुठी जायचं हाय आपल्याले?"

सिस्टरनं मला ही घरची बोली कधी बोलू दिली नव्हती, पण मी म्हणते, "कुठी नाही, बाबा."

तुम्ही पलीकडच्या सीटवर बसता. आपण दोघं तोंडं आभाळाकडे करून बसलेलो, समोर रिकामं कॉकपिट. कुठूनतरी साळुंक्यांचा आवाज येतोय. रुमालाची घडी करत तुम्ही म्हणता, "वर्ध्याचे लोक चांगले होते." मी वाट पाहते. मग, "चाल. तुझी माय चहा ठेवून राहिली असंन."

त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली. तुम्हाला सगळं कळलं आहे असा त्याचा अर्थ मी लावला आणि त्यावर मी बरी राहिले. पण पुढच्या वर्षी सावनेरचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. मुलगा येऊ द्या. आईनं या वेळी वाद घातला नाही. नुसती उठली आणि दिव्याची वात सारखी करत बसली. मग स्थळं यायची थांबली आणि मला माझ्याच शाळेत नोकरी लागली.

सत्तर साल उलटल्यावर रात्रीची विमानं बंद झाली. जेट आली होती. मुंबईहून कलकत्त्याला जायला त्यांना मध्ये टेकायची गरज नव्हती. तुम्हाला मुंबईला बदली देत होते. तुम्ही म्हणालात, पोरगा येईल तेव्हा घराला कुलूप नको. इथंच दिवसाच्या एका विमानाची ड्युटी घेतलीत आणि रात्री जागेच राहिलात. आम्हाला वाटलं, झोप बसेल हळूहळू. ती बसली नाही. तुम्ही अंगणात खाट टाकून वर पाहायचा. वरून जाणारी विमानं अजून नागपूरशीच बोलतात असं तुम्हाला कोणीतरी कंट्रोलमधून सांगितलं होतं. मी म्हटलं, मग बरंय की. तुम्ही म्हणालात, "बोलतेत. उतरत नाहीत."

तुम्ही गेलात तेव्हा दादाची तार आली की निघतो. काटोलचे सगळे म्हणाले, थांबू या, अग्नी मुलानं द्यायचा. बर्फ आणायला कोणी निघालंही होतं. मी म्हटलं, थांबायचं नाही. सगळ्यांनी आईकडे पाहिलं आणि आईनं मान डोलावली. अग्नी चुलतभावानं दिला. दादाला तिकीट मिळालं नाही असं नंतर कळलं. तो आला तो आई गेल्यानंतर, घराचं काय करायचं ते विचारायला, आणि हॉटेलात उतरला, कारण त्याच्या बायकोला उकाडा सहन होत नव्हता. चांगला आहे तो. वाईट असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

परवा त्याचा फोन आला होता. त्याचंही वय झालंय, आता मागचं विचारतो. म्हणाला, "बाबा माझ्यावर कधी रागावले होते का गं?" मी म्हटलं, नाही, ते शेवटपर्यंत तुझी वाट पाहत होते. त्याला भरून आलं. तिकडं सकाळ होती, कोणीतरी त्याला नाश्त्याला बोलावत होतं. मला त्यानं काही विचारलं नाही, आणि विचारावं असं त्याला का सुचावं?

तुम्हाला मात्र विचारायचं आहे. त्या दिवशी माझा पट्टा ओढून पाहताना तुम्हाला ठाऊक होतं का, की मला कोण थांबवून ठेवत आहे? आणि ठाऊक होतं, तर सावनेरच्या वेळी पुन्हा तेच का? हे पत्र टाकायला पत्ता नाही. पण खरं सांगते, असता तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही विचारलेल्या गोष्टीचं सरळ उत्तर देणारे होता. तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं मला अजूनही दुपारी पडल्या पडल्या थोडा वेळ वाटू शकतं, आणि तेवढं मला राहू द्यायचं आहे.