एक्केचाळीस हजार एक्सेप्शन्स

सोमवार, ७ फेब्रुवारी २००५
आजपासून रोजनिशी. साडेसहाला उठायचं ठरलं होतं. पावणेनऊला उठलो. चेन्नईत, निदान वेस्ट मांबलमच्या हवेत काहीतरी आहे.
ऑफिसात बॉयलर कंट्रोलरचं काम माझ्याकडे आलं. आमच्या कर्नलमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, यंदापासून मेमरीतल्या प्रत्येक टेबलाला हद्द आखली आहे. कोणी हद्दीबाहेर लिहिलं की प्रोसेसर एक्सेप्शन, म्हणजे धोक्याचा इशारा, देतो आणि मशीन बंद. कोण लिहितंय, ते शोधायचं. आमचे मॅनेजर वेंकटरमण म्हणाले, जो शोधेल तो वर्षभर पुण्याला, कस्टमरकडे. मुदत महिनाअखेर.
पुण्याला अवनीला फोन केला. तिच्या बाबांनी चिंचवडचं स्थळही महिनाअखेरपर्यंतच थोपवून धरलंय. म्हटलं, मला आठ दिवस पुरे.

मंगळवार, ८
हँडलर लिहिला. एक्सेप्शन आलं की नोंद करायची आणि प्रोग्रॅमला जिथून आला तिथेच परत पाठवायचं. सुटसुटीत. टेस्ट करायची गरज वाटली नाही.
संशय टीममधल्या हरिणीवर. तंजावरकडची मराठी, नोकरीला जेमतेम पाच महिने. फार हसून बोलते.

गुरुवार, १०. सकाळी ११
अकरा मिनिटांत एक्केचाळीस हजार एक्सेप्शन्स! मशीन गोठतं, पण नोंदींचा लॉग भरतोय. वेंकटरमणना सांगितलं, घोटाळा फार खोलवर गेलाय. हरिणीला तिचा सगळा कोड पुन्हा तपासायला लावला.
आनंद व्हायला हवा होता. दहीभात खाल्ला.

सोमवार, १४
लॉग छापला. रोज शंभर पानं वाचायची. आज चार. सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार.
अवनीने विचारलं, पुण्याचं तिकीट काढलंस का. हो म्हटलं. उद्या काढायचं.

बुधवार, १६
चष्म्याचा नंबर तोच. पानं पाच. हरिणी म्हणाली की ओळी सारख्या दिसतायत. अनुभव नसला की तसंच दिसतं, असं सुनावलं.
तिकीट राहिलं.

शुक्रवार, १८
हरिणीने लॉग ॲड्रेसप्रमाणे, म्हणजे चूक प्रोग्रॅममध्ये कुठे झाली त्या जागेप्रमाणे, लावला. ओळी एक्केचाळीस हजार, ॲड्रेस एक.
तिने तिच्या जुन्या वळणाच्या मराठीत, अगदी हळू आवाजात समजावलं. माझा हँडलर प्रोग्रॅमला चुकलेल्या ओळीवरच परत पाठवतो. तो तिथे जाऊन पुन्हा तीच चूक करतो. म्हणजे चूक एकच.
कोणाची, ते तिने विचारलं नाही. ती ओळ असलेल्या फाइलवर माझं नाव, साल २००२. टेबलात आठ खण, मी नवव्यात लिहीत होतो.
दुरुस्ती एका चिन्हाची. तिची कॉफी निवायच्या आत झाली.

सोमवार, २१
पुण्याला हरिणी जाणार. शोधलं तिने, शिवाय मराठीही येते, असं वेंकटरमणचं म्हणणं. मी इथेच राहून हँडलर नीट करायचा. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.
अवनीला उद्या सांगायचं.

गुरुवार, २४
अवनीचे तीन फोन. घेतले नाहीत. कामात होतो. काम नव्हतं.

सोमवार, २८
आज घेतला. सगळं सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, मी चेन्नईला आल्यापासून 'पुढच्या महिन्यात नक्की येतो' हे तिने एकोणतीस वेळा ऐकलंय. चिंचवडला होकार कळवून टाकलाय.
रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं.
म्हटलं, पुढच्या महिन्यात नक्की येतो.
तिने फोन ठेवला.
उद्यापासून साडेसहाला उठायचं.