कोटाच्या खिशातलं कांदळ

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या काचा घासण्यात हयात गेलेली बाई, आज डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही हात न पिरगाळता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते आहे. समोर वकील बसलेत. ते मधूनमधून म्हणतात, "आजी, मुद्द्यावर या." मुद्दा माझ्या डाव्या हाताला, काचेच्या टाकीत उभा आहे.

१. घर मुलीला. जावयांनी मागच्या खेपेला, मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात, फीत लावून पुढची खोली मोजली. मोजमाप बरोबर आहे, फक्त टाकी धरायची राहिली. टाकीतलं झाड बाहेर जाईपर्यंत इथे सोफा येणार नाही. ही अट आहे, टोमणा नाही. वकील म्हणतात, दोन्ही आहे.

२. बँकेत जे असेल तेही मुलीलाच. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

३. काचा घासायचं चाक दुकानातल्या भागीदाराला. मी घासलेली भिंगं तो गिऱ्हाइकाला स्वतःची म्हणून दाखवायचा. आता चाक खरंच त्याचं. हात मात्र माझ्याबरोबर येतील.

४. आता टाकी. आमचे हे खाडीत बांबू घालून पाण्याची खोली मोजायचे, ती त्यांची नोकरी. काठावरचं कांदळ, खाऱ्या चिखलात वाढणारी ती झाडं, तोडून नेलेलं, नुसता चिखल उघडा पडलेला. हे बोटीतून जाता-येता वाहत आलेल्या कांदळाच्या शेंगा उचलायचे आणि त्या चिखलात खोचायचे. शेंग म्हणजे हिरव्या पेन्सिलीएवढी, झाडावर असतानाच रुजलेली. हे गेल्यावर त्यांचा मेणकापडी कोट खुंटीवर तसाच राहिला, ओलसर. एके दिवशी झटकायला काढला तर आतल्या खिशात शेंगा, आणि एकीचं मूळ अस्तर फाडून बाहेर आलेलं. कोट इतके दिवस जागा होता आणि मी त्याच्या शेजारी झोपत होते.

त्याच दिवशी मी टाकी आणली. खारं पाणी, खाली खाडीचा गाळ, गाळात त्या शेंगा खोचलेल्या, वर दिवा. दुपारी पडदे ओढले की पाण्याची जाळी छतावर हलते. खाटेवर पडलं की आपण तळाशी आहोत आणि वरून कोणीतरी बांबू घालून आपली खोली मोजतंय, असं वाटतं. मला त्याची भीती कधी वाटली नाही.

देखभाल अशी. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. म्हणून पातळी काचेवरच्या लाल रेघेखाली गेली की भर घालायची ती गोड्या पाण्याची. पानांवर मीठ साचतं, ते ओल्या फडक्याने पुसायचं. पिवळं पान पाण्यात कुजू द्यायचं नाही. शेंडा खुडायचा नाही, कितीही छताला लागला तरी.

५. झाड माझ्या नणंदेला.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. त्यांना माहीत आहे की आम्ही बोलत नाही. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा वन्सं घर सांभाळायला आल्या होत्या. समुद्राचं झाड, अळणी पाणी कसं चालेल, म्हणून रोज भर घालताना मूठभर मीठ टाकत राहिल्या. अगदी मनापासून. पट्टी सुटली आणि मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते काय, तर काळी पडलेली रोपं. एकच जगलं, अस्तर फाडलेलं. मी रडले. त्या म्हणाल्या, "झाडंच ती, वहिनी. माझा भाऊ गेला तेव्हा एवढं नाही रडलात." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे बरोबर न्यायला नको.

पण त्यानंतर दर आठवड्याला दाराबाहेर ओल्या फडक्यात शेंगा येऊ लागल्या. बेल नाही, हाक नाही. मुलीला वाटतं रखवालदार ठेवतो. फडक्याची गाठ मी ओळखते. ती बोटीची गाठ आहे, ह्यांनी एकाच माणसाला शिकवलेली. त्या शेंगा मी रुजवून देत राहिले, शेजारी, दुकानात, मागेल त्याला. हे एक झाड मात्र खाडीत जायचं आहे. टाकीत ते आता मावत नाही, आणि चिखलात कुठे पाय रुततो नि कुठे मूळ, हे त्या बाईशिवाय कोणाला कळत नाही. त्यांनी नाही म्हटलं तर झाड इथेच सुकेल.

६. हे कलम ठरलेलं नव्हतं. साक्षीदार म्हणून खालचे घड्याळजी आलेत. दुसऱ्या यायच्या त्या समोरच्या नर्सबाई, त्यांचा पत्ता नाही. घड्याळजी शोधायला गेले आणि जिन्यातून एका बाईंना धरून घेऊन आले. हातात ओलं फडकं.

"इथे सही करा," वकील म्हणाले. "नाव सांगा."

वन्संनी नाव सांगितलं. वकिलांनी लिहिलं, थबकले, खोडलं.

"तुम्हाला नाही चालणार. ज्याच्या नावे काही ठेवलंय त्याने साक्षीदार होऊ नये."

"माझ्या नावे? या घरातून मला काय मिळणार, शिव्या?"

"झाड," मी म्हटलं.

त्या टाकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. छतावरची जाळी त्यांच्या पांढऱ्या केसांवर उतरली होती. मग वाकून लाल रेघ बघितली.

"पाणी खाली गेलंय, वहिनी."

"बघताय काय मग?"

त्यांनी स्वयंपाकघरातून तांब्या आणला. टाकीवर धरला आणि हात तसाच थांबवला.

"गोडंच ना?"

"गोडंच."

वरील सर्व मला वाचून दाखवलं, मला ते कबूल आहे.

सही: काचा घासणारी

साक्षीदार: खालचे घड्याळजी

साक्षीदार: समोरच्या नर्सबाई, उशिरा आल्या. (वरचं नाव खोडलं आहे. त्या बाई पानं पुसताहेत.)

ठिकाण: पुढची खोली, टाकीशेजारी

तारीख: वकील घालतील. वन्सं म्हणतात, भरती लागली आहे.