बाबांचं चित्र, दिल्ली

५ फेब्रुवारी १९९६
घरमालकीण गंगव्वांकडे बाबांचा फोन. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांचं तैलचित्र लागतंय. विनोदी नटाचं हे पहिलंच. म्हणाले, "बाईसाहेब, देवांच्या मूर्तींशेजारी मला टांगताहेत. सोळा तारखेला या." मी सांगितलं, ऑडिट आहे. ऑडिट मार्चमध्ये आहे. पण आवाज स्थिर राहिला.

६ फेब्रुवारी
मला राग नाही. माणूस वर्षानुवर्षं स्टेजवर स्वतःच्या मुलीची नक्कल करून पुणं हसवतो. तिची तिरकी मान, तिचं "पण हे लॉजिकल नाही". मग मुलगी बेंगळुरूत नोकरी धरते. कारण आणि परिणाम. इथे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी प्रेशर गेज तपासते. गेज कुणाची नक्कल करत नाहीत.

९ फेब्रुवारी
जायचं नाही, हे पक्कं. संध्याकाळी चिकपेटेच्या कापडबाजारात सहज चक्कर. एक सिल्कची साडी घेतली. दुकानदाराने विचारलं, "लग्नाला का, अक्का?" म्हटलं, ऑफिसला. ऑफिसला मी सलवार-कमीज घालते.

११ फेब्रुवारी
निर्णयात किरकोळ दुरुस्ती. जायचं, पण न सांगता. मागे उभं राहून चित्र बघायचं आणि परतायचं. बाबांच्या नजरेस पडायचं नाही. याला भेटणं म्हणत नाहीत.
रजेचं कारण: चुलतबहिणीचं लग्न. शेजारच्या टेबलावरचा श्रीरंग म्हणाला, "तुला नातेवाईक आहेत? मला वाटायचं, तू इथेच असेंबल झालीस." सगळे हसले. माझं काम चालू होतं.

१६ फेब्रुवारी, दिल्ली
बाबा आलेच नाहीत. सगळे ताटकळले, शेवटी त्यांच्याशिवायच पडदा सरकवला. मला खात्री होती, उशिरा एंट्री ही त्यांची जुनी युक्ती. मी पुढच्या रांगेपर्यंत गेले, नीट दिसावं एवढ्यासाठीच. शिपाई दिवे मालवायला लागला तेव्हा निघाले.
चित्रात मान तिरकी आहे, एक भुवई वर. ती मान त्यांची नाही.

१९ फेब्रुवारी, बेंगळुरू
गंगव्वा दारातच ओरडल्या, "कुठं गेलतीस गं? तुझे अप्पा येऊन गेले की!" पोरगी येणार नाही, तर चित्राशेजारी एकटा उभा राहून काय करू, असं म्हणाले म्हणे. पीण्यालाही जाऊन आले. तिथे कळलं, मी लग्नाला गेलेय.
विचारलं, नक्कल करून दाखवली का? गंगव्वा म्हणाल्या, "नाही बाई. तुझ्या खोलीत, तुझ्या खुर्चीत नुसते बसले होते."

२० फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून बाबांना फोन केला. सांगितलं, मी दिल्लीला गेले होते, चित्र पाहिलं.  त्यांनी विचारलं, "कसा दिसतो गं मी?"
मी सांगितलं: फ्रेम सागवानी, टांगण्याची उंची योग्य. वरच्या दिव्याची चमक कपाळावर येते, दिवा थोडा डावीकडे घ्यायला हवा.
ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.
माहिती पूर्ण आणि अचूक दिली. बोलणं व्यवस्थित झालं. बूथवाले कृष्णमूर्ती काचेवर टकटक करून विचारत होते, झालं का अक्का, बाहेर लोक थांबलेत. रिसीव्हर अजून माझ्या कानाला होता.