मापावरची मूठ

आगरदांडा,
वैशाख वद्य तृतीया

प्रिय सदा,

सगळ्यांच्या आधी आली ती नीराबाईच. दिघीहून सुटलेल्या पहिल्या होडीने. पदर कमरेला खोचलेला, काखेत रिकामी टोपली, आणि होडीतून पाय खाली टाकायच्या आत ओरडून विचारते काय, "सोनूबाय, बाजार लागला का गो?" आता तूच सांग, माणसं मुलगी बघायला अशी येतात का? मी दारात सडा घालून, केसरला धुवट लुगडं नेसवून, पोह्यांना ओल्या नारळाचं खोबरं खवून बसलेली. तिचा मुलगा भिकू मचवा घेऊन भरतीला मागून येणार होता. ही बाई एकटीच पुढे आली, कारण काय, तर पावसाआधीचा आगोटीचा शेवटचा बाजार. तो चुकवून नुसतं बोलत बसणं तिच्या जिवावर आलं. खरं सांगू, मला ती तिथेच आवडली. मी पोहे झाकून ठेवले, टोपल्या उचलल्या आणि केसरला आणि तिच्या नलूला घेऊन तिच्याबरोबर निघाले. माणसाचं घर बघायचं असेल तर त्याचा बाजार बघावा, असं तुझी आजी म्हणायची. तिने मला पसंत केली ती पण मासळीच्या पाटीवरच. पण ते राहू दे, ते पुढे कधीतरी.

केसरच्या पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं चाललंय हे शेजारच्या गोदूच्या माणसाकडून तुला मुंबईत कळलं असेलच. तुझ्या भावाला, अनंताला दर्याने नेल्याला हा तिसरा पावसाळा येतो. केसर अजून पंचविशीची नाही. दिवसभर बोंबील वाळवते, संध्याकाळी माझे पाय चेपते आणि दोन्ही वेळेला गप्प असते. भिकूची बायको पहिल्या बाळंतपणात मुलासकट वारली. माणूस निर्व्यसनी आहे, मचवा स्वतःचा आहे. केसरला मी सुखाने देते, ते माझं केव्हाच ठरलं आहे. अडलं होतं ते नलूवर. आपल्यात बाई दुसऱ्या घरी गेली की पोर बापाच्या घरी राहतं. तू पण दिवाळीला आलास तेव्हा म्हणालास, आये, अनंताची पोर या दारातून जाऊ द्यायची नाही. मी तेव्हा मान डोलावली. डोलावणार नाही तर काय! तिच्याशिवाय या घरात अनंताच्या तोंडवळ्याचं दुसरं आहे काय?

आणि पोर काय झाली आहे म्हणून सांगू! बाजारात जवळ्याच्या ढिगासमोर बसली, मूठभर जवळा उचलला, दाबला आणि तळवा उघडून मला दाखवला. "आजे, रेती हाय." विकणारी बाई अशी चिडली! पण होतीच रेती. रेती लागली तर मासळीच्या भावाने आपण वाळू घेतो, हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. नीराबाई हसली, पण बघत राहिली. मग आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी काय बाजार केला! ती बोंबील वाकवून बघते, मी शेपटीकडून हुंगते. कडक असला तर मोडतो, ओला असला तर वाकतो, आणि वाकला तो श्रावणापर्यंत टिकत नाही. मिरची तिने कानाशी धरून हलवली. बी वाजलं तर सुकी, नाही वाजलं तर पाण्याचं वजन. मी हे तीस-पस्तीस वर्षं करते आहे, पण दुसऱ्या कुणाला करताना बघितलं नव्हतं. मला माझीच बहीण भेटल्यासारखं झालं. केसर मागे उभी राहून टोपल्या सांभाळत होती. तिच्या तोंडावर पण जरा हसू आलं. मी म्हटलं, चला, सासू तर बरी मिळाली.

तांदूळ मात्र आम्ही सगळ्यांत शेवटी घेतला. तळे गावची माणसं बैलांवर पोती लादून आणतात, आणि ऊन चढलं की भरलेलं पोतं घाटाने परत न्यायचं त्यांच्या जिवावर येतं. यंदा तसंही भात कवडीमोल झालं आहे, बिचाऱ्यांची तोंडं बघवत नाहीत. तरी आम्ही भाव केलाच. नीराबाईने कोपरापर्यंत हात पोत्यात घातला, तळचे दाणे काढले आणि दाताखाली फोडले. वर जुना आणि खाली नवा असं नव्हतं. मग तिनेच सुचवलं, दोघी मिळून अख्खं पोतं उचलू, भाव उतरेल. उतरला. तो माणूस हात जोडून म्हणतो, "आता माझ्या घरी चूल पेटू द्या, बायांनो." पोतं शिवणार, तेवढ्यात आमची नलू त्याच्यासमोर ओचा पसरून उभी. "वरची मूठ ऱ्हायली." माप भरलं तरी वरची मूठ मागायची, हे माझंच शिकवलेलं. तो माणूस पोट धरून हसला. त्याने एक नाही, दोन मुठी तिच्या ओच्यात घातल्या. पोरगी घरापर्यंत ओचा गच्च धरून चालली, एक दाणा सांडला नाही.

घरी आलो तर भिकू ओटीवर बसलेला. उंच आहे, बोलतो कमी. पोतं त्यानेच हमालाच्या खांद्यावरून उतरवून घेतलं. पोहे झाले, गुळाचा चहा झाला. मग नीराबाईने सरळ विषय काढला. केसर पसंत हाय, पुढच्या आठवड्यात पाट लावू, मग मृग लागला की खाडी उधाणते. आणि पोर तुमची, ती तुमच्याकडे ऱ्हाऊ दे, रीत हाय तशी. मी म्हटलं, रीत आहे. आणि सदा, खोटं का लिहू, माझं काळीज असं हलकं झालं! सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. केसरचं भलं झालं आणि नलू माझ्या कुशीत राहिली. असा सौदा उभ्या जन्मात कुणाला साधला असेल?

पोतं वाटायचं होतं. मी केसरला म्हटलं, दोन चटया टाक आणि पायलीने माप. तुला माहीत आहे, धान्य मापताना आपण पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन. केसरने पहिली पायली नीराबाईच्या चटईवर ओतली आणि म्हणाली, लाभ. दुसरी आमच्या चटईवर ओतली. लाभ. तिसरी भरली, ओतली, परत लाभ. मला वाटलं चुकली. चौथीला पण लाभच म्हणाली. हात बरोबर चालले होते, एक दाणा इकडचा तिकडे नाही, पण तोंड पुढे जाईना. नीराबाई माझ्याकडे बघायला लागली. शेवटी नलू आईच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "आये, दोन म्हण. आता दोन." तेव्हा केसरने मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं रे. पाणी असतं तर मी बघितलं न बघितल्यासारखं केलं असतं. ज्या बाईने अनंत गेल्याचं नुसत्या कानाने ऐकलं आणि समोरची मासळी उलटी करून वाळवायला घातली, ती बाई दोनपर्यंत पोहोचेना. पुढचं माप म्हणजे पोरीला सोडून जाणं, तिला ते मापच नको होतं.

मग माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच कळलं नाही. मी म्हटलं, नीराबाय, माप घेतलंत, वरची मूठ कोण घेणार? ती म्हणे, कसली मूठ? मी नलूकडे बोट केलं. सकाळी तळ्याच्या माणसाशी भावासाठी भांडलात, आणि ही मूठ माझ्या दारात सोडून चाललात होय? ती म्हणाली, रीत न्हाय. मी म्हटलं, रीत मापाची आहे, मूठ खुशीची असते. ती म्हणाली, खाणारं तोंड वाढतं. मी म्हटलं, जवळ्यातली रेती तुमच्याआधी कुणी काढली? ती खाईल त्याहून जास्त तुमच्या घरात वर्षाला वाचवेल. बाबा रे, जन्मभर मी घेण्यासाठी घासाघीस केली. आपलंच सोन्यासारखं दुसऱ्याच्या टोपलीत घालण्यासाठी एवढी जीभ चालवली नव्हती. भिकू इतका वेळ खाली बघत होता. तो उठला, नलूसमोर उकिडवा बसला आणि आपला पंचा पसरून म्हणाला, "घाल गो तुझी मूठ." पोरीने विचार केला, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने ओच्यातले तांदूळ त्याच्या पंच्यात ओतले. नीराबाई म्हणाली, "झालं! आता काय बोलायचं?"

पण ती पण बाजारातली बाई. तिने तिची अट घातलीच. पोर नेली तर नेली, मग येणं-जाणं नको. "दोन दारं दाखवली तर पोर खयच रुजत न्हाय, सोनूबाय. तू मोठी बाय हायस, तुला कळतं." कळतं रे. मिरचीचं रोप उपटून परत परत लावलं तर मरतं. मी हो म्हटलं. दिघी माझ्या ओटीवरून दिसते, त्यांच्या घरापुढचं उंडीचं झाडसुद्धा दिसतं. म्हणजे दिसेल एवढंच. जाताना नीराबाईने आमच्या चटईवरच्या तांदळाकडे बघितलं. मी आपला सवयीने तिघींचा वाटा घेतला होता. ती म्हणाली, एकटीला काय करायचाय एवढा, भावाने मला दे. वाईट मनाने नाही म्हणाली, जास्तीचं घरात ठेवून टोके लावू नयेत हे मी पण म्हटलं असतं. मी म्हटलं, राहू दे, माझा सदा येणार आहे.

म्हणून हे पत्र. अनंताच्या पाटीवर त्याच्याबरोबर चार अक्षरं गिरवली, ती अशा कामाला येतील असं वाटलं नव्हतं. तू रागावशील, ते मी ऐकून घेईन, पण इथे येऊन रागाव. आगबोट अजून चालू आहे. पाटाला पहिल्या घरच्या माणसाने जायचं नसतं, पण धक्क्यापर्यंत कुणी अडवत नाही. केसर माझ्याकडे बघत राहील आणि पाऊल उचलणार नाही. आणि नलूचा हात माझ्याच्याने सुटणार नाही. तो परक्याने सोडवला तर तिला वाटेल आजीने टाकलं. तू तिचा काका आहेस, तू तिला उचलून मचव्यात बसव. मी तिला एवढंच सांगितलं आहे की दिघीच्या बाजाराला जायचं. तिने विचारलं, "आजे, तू न्हाय येत?" मी म्हटलं, तू आधी जा, भाव काढून ठेव, मी मागून येते. तेव्हापासून रोज सकाळी टोपली घेऊन दारात उभी राहते आणि विचारते, आज का? तिला सांगते, आज नाही. ती माणसं बुधवारी भरतीला येतो म्हणून सांगून गेली आहेत.

तुझीच वाट बघणारी,
आई