दुपारचा फोन

सौ.स सप्रेम नमस्कार,

माझी प्रकृती उत्तम आहे. आईच्या डोळ्यांत थेंब नियमित घालतेस ना? तिला अलीकडे माणसे ओळखू येतात का?

न्यायालयाने दिवाळखोरीचा अर्ज स्वीकारल्यापासून घेणेकऱ्यांचे फोन थांबले आहेत. अपवाद एका वसुलीवाल्याचा. तू शाळेत शिकवत असतेस त्या वेळी, रोज दुपारी, तो फोन करतो आणि पैशांविषयी अवाक्षरही न काढता आईची खुशाली मलाच सांगतो.

काल त्याच्या मागून आईचा आवाज आला, "पिंट्या, चहात साखर किती घालू रे?"

या नावाने ती फक्त मला हाक मारते.

तो म्हणाला, "नेहमीएवढीच, आई."

पत्र मिळताच रजा घे. तो आल्यास दारातूनच परत पाठव; मात्र तो मी नव्हतो, हे आईला सांगू नकोस.

कायम तुझाच.