‘पुअर’चा दुसरा अर्थ

गुलमंडी, औरंगाबाद
फेब्रुवारी १९५७

प्रिय यमू,

परवा आठवीला इंग्रजीच्या धड्यात एक वाक्य आलं. त्यात आई वारलेल्या मुलीला ‘पुअर’ म्हटलं होतं. वर्गातल्या आवडा नावाच्या मुलीनं अर्थ सांगितला, गरीब मुलगी. मी म्हटलं, इथं पैशाचा संबंध नाही, इथं बिचारी. श्रीमंतालाही म्हणतात. तिनं विचारलं, “बाई, तिच्या तोंडावर म्हणतात का?” मी फळा पुसायला वळले.

हा शब्द मी पहिल्यांदा व्यंकटरावांच्या तोंडून ऐकला. आमचे हे वारल्यावर पहिल्या दिवाळीला तुम्ही दोघं नाशिकहून आला होतात. मी चहा ठेवायला उठले तेव्हा ते तुला हलकेच म्हणाले, “पुअर थिंग.” तू म्हणालीस, “हळू. तिला समजतं की काय!” खरंच समजलं नव्हतं. शेजारच्या वकिलांना विचारलं, ते म्हणाले, गरीब. मला राग आला. पैठणकडचं आमचं रान व्यंकटरावांनी पाहिलं होतं की.

पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, उर्दू शाळा मराठी झाल्या, शिकवायला बाया मिळेनात. मी मॅट्रिकला बसले आणि अभ्यास करता करता दुसरा अर्थ कळला. गरीबच बरं होतं असं वाटलं. बिचारी म्हटलं की माणसं तुमच्याशी बोलत नाहीत, तुमच्याबद्दल बोलतात. इथं माझ्याशी सगळे गोड वागतात. कुणी उसनी साखर मागत नाही, कुणी भांडत नाही. तुझीही पत्रं आधी गोड झाली, मग बंद झाली.

काल तुझ्या दिरांचं पत्र आलं. व्यंकटराव गेल्याचं वाचलं आणि माझ्या तोंडून निघालं, “बिचारी यमू.” स्वतःचाच आवाज ऐकला आणि ती दिवाळी आठवली. तेव्हा व्यंकटरावांनाही असंच मनापासून वाटलं असेल. पण तुला तो शब्द आता घरोघरी ऐकावा लागेल, आणि निदान माझ्याकडून तो यायला नको.

म्हणून सांत्वन लिहीत नाही. दिवसकार्य झालं की इकडं ये. खोली दोघींना पुरेल. शाळा सुटल्यावर संध्याकाळ मला एकटीला संपत नाही, यमू. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी ये. मनमाडला गाडी बदलावी लागते, तिथं फलाटावर मी उभी असेन.

तुझीच,
कालिंदी